जागच्या जागी सायकल

आज आधी एक कोडं. चाक एकच, तेही पुढे. घंटी नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही. हवा भरावी लागत नाही, पंक्चर होत नाही. तासभर चालवा, घामाघूम व्हाल, पण उतराल तेव्हा जिथे बसला होतात तिथेच असाल. ओळखा पाहू!

माझ्या तिसरीच्या वर्गात हे कोडं घातलं, तर मागच्या बाकावरून ताबडतोब उत्तर आलं, "आजीची शिलाई मशीन!" उत्तर चुकलं, पण फार नाही चुकलं बरं का. ते कसं, ते पुढे सांगते.

खरं उत्तर आहे व्यायामाच्या क्लासमधली सायकल. एका खोलीत दहा-वीस सायकली ओळीनं मांडलेल्या असतात. समोर शिकवणाऱ्या सरांची किंवा मॅडमची सायकल. गाणी लावलेली, आणि सगळेजण गाण्याच्या ठेक्यावर पायडल मारतायत. याला 'इनडोअर सायकलिंग' म्हणतात. आमच्या नाशिकमध्येही आता असे क्लास निघालेत. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खो खो हसले होते. म्हटलं, बाहेर एवढा रस्ता पडलाय आणि ही माणसं पैसे भरून भिंतीकडे तोंड करून सायकल चालवतात!

माझं हसू बंद झालं ते यंदाच्या पावसाळ्यात. त्याला कारण माझी भाची.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. नववीत आहे. अंगानं जरा भरलेली, चित्रं फार सुंदर काढते, आणि खेळाचा तास आला की तिच्या पोटात दुखतं. नेमकं त्याच तासाला. ताईला वाटायचं, मुलगी आळशी झालीये. खरी गोष्ट तिनं मला एकटीला सांगितली होती. सातवीत असताना शाळेच्या क्रीडादिनाला ती धावण्याच्या शर्यतीत शेवटची आली. नुसती शेवटची नाही, बाकीच्या मुली सरबत प्यायला गेल्या तरी ही अजून धावतच होती. तेव्हा माईकवरून कुणीतरी म्हणालं, "हिच्यासाठीसुद्धा टाळ्या झाल्या पाहिजेत!" सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल. पण त्या टाळ्या तिच्या कानातून गेल्याच नाहीत. तेव्हापासून मैदान बंद. तिची सायकलही जिन्याखाली गंजत पडली.

आणि तीच मुलगी जुलैमध्ये एका संध्याकाळी मला म्हणाली, "मावशी, आमच्या ट्यूशनच्या वर एक क्लास आहे सायकलचा. काचेतून निळे निळे दिवे दिसतात. तू येशील माझ्याबरोबर? एकदाच."

आता सांगा, नाही कसं म्हणणार?

ताई म्हणाली, "घरात सायकल गंजतेय की! एवढी फी भरून जागच्या जागी चालवायची?" दाजींनी तर हिशोबच मांडला. फी ऐकली तर ती माझ्या महिन्याच्या दुधाच्या बिलाहून जास्त निघाली. मी म्हटलं, "थांबा, आधी बघून तर येऊ. पुष्कळ ठिकाणी पहिला तास फुकट किंवा थोड्या पैशांत असतो. तेवढाच करू." पालकहो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पहिला तास बघू न देता वर्षाची फी मागणाऱ्या ठिकाणी मी तरी दाराशी चप्पल काढणार नाही.

क्लासला जाण्याआधी ही सायकल आली कुठून ते सांगते, कारण गोष्ट मजेदार आहे. जागच्या जागी चालवायच्या सायकली तशा जुन्या आहेत. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक' जहाजाचं नाव तुम्हांला माहीत आहेच. त्या जहाजावर व्यायामशाळा होती आणि तिच्यात अशा सायकली होत्या. समोर भिंतीवर मोठी तबकडी, तिच्यावरच्या काट्यांनी किती अंतर झालं ते कळायचं. शिकवायला एक शिक्षकही नेमलेले होते. भर समुद्रात सायकल! आहे की नाही गंमत?

पण सगळ्यांनी मिळून गाण्यावर सायकल चालवायची ही कल्पना मात्र अलीकडची. जॉनी गोल्डबर्ग नावाचा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा एक सायकलपटू अमेरिकेत कॅलिफोर्नियात राहायचा. 'रेस अॅक्रॉस अमेरिका' म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत. तिच्यासाठी तो सराव करत होता. रात्री रस्त्यावर सराव करताना एकदा एका मोटारीखाली येता येता वाचला. मग त्यानं घरातच सरावाची सायकल तयार केली, मित्रांना बोलावलं, गाणी लावली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे क्लास सुरू झाले. १९९५ मध्ये एका मोठ्या सायकल कंपनीनं तशा सायकली बनवायला घेतल्या आणि ते लोण जगभर गेलं. आता त्या शर्यतीचं नाव नाशिककरांना ओळखीचं वाटलं असेल. बरोबर! आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात हीच शर्यत पूर्ण केली होती.

तर, निळ्या दिव्यांचा क्लास.

आम्ही वेळेवर पोचलो. सर आले पाच मिनिटं उशिरा. आले ते थेट सायकलवर चढले, दिवे मालवले, गाणं लावलं आणि कानाला लावलेल्या माईकमधून म्हणाले, "चलाऽऽ!" नवीन कोण आहे, कुणीच विचारलं नाही. मी आणि भाची शेवटच्या रांगेत, अंधारात चाचपडत बसलो. माझी सीट फार उंच, तिची फार खाली. तिचे गुडघे पोटाला लागत होते.

इथे एक गोष्ट समजून घ्या. तुमच्या रस्त्यावरच्या सायकलला मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. तुम्ही पाय थांबवले तरी सायकल 'किर्र किर्र' करत आपली चालत राहते. या सायकलीला बहुधा ते नसतं. पुढचं चाक चांगलं पंधरा-वीस किलोचं असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात, आणि पायडल त्याला थेट बांधलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, तुमची इच्छा असो वा नसो. आता आठवा आजीची मशीन! पाय थांबवला तरी चाक फिरत असतं तोवर खालचा पायटा हलत राहतो ना? तसंच हे. म्हणून म्हटलं, उत्तर फार चुकलं नाही.

थांबायचं कसं? हँडलच्या खाली एक नॉब असतो, आपल्या नळाच्या चावीसारखा. तो उजवीकडे फिरवला की चाक जड होतं, डावीकडे फिरवला की हलकं. आणि तो जोरात खाली दाबला की चाक थांबतं. तोच ब्रेक. काही सायकलींना त्याऐवजी दांडी असते. एवढं साधं आहे, पण आम्हांला ते कुणी सांगितलंच नाही. तिसऱ्या गाण्याला भाचीचा पाय पट्ट्यातून निसटला आणि फिरतं पायडल खाडकन् तिच्या नडगीवर बसलं. ती कळवळली. तोच माईकमधून आवाज आला, "लास्ट रो! काय पिकनिकला आलात का?"

लोक हसले. सायकल चालवता चालवता मागे वळून हसले.

पुन्हा माईक. पुन्हा सगळ्यांच्या माना तिच्याकडे. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, अंधार होता, पण मला बघायची गरज नव्हती.

येताना स्कूटरवर ती एक शब्द बोलली नाही. घराच्या कोपऱ्यावर उतरताना म्हणाली, "मावशी, झालं ना एकदा. आता नको."

आणि मुलांनो, मला त्या रात्री झोप आली नाही ती वेगळ्याच कारणानं. 'शेवटचा बाक, सहलीला आलात का?' हे वाक्य माझं आहे. माझ्या वर्गात मी ते आठवड्यातून दोनदा तरी म्हणत असेन. मुलं हसतात. ज्याला म्हटलं तोही हसतो. मला आजवर वाटायचं, तोही हसतोय म्हणजे गंमत कळली. डी.एड.ला आम्हांला फळा कसा पुसावा इथपासून सगळं शिकवलं होतं. पण माझं बोलणं शेवटच्या बाकावरून कसं ऐकू येतं, ते कळायला मला स्वतःला शेवटच्या रांगेत, न थांबणाऱ्या सायकलवर बसावं लागलं.

भाचीला मी म्हटलं, "एका दुकानात चप्पल लागली म्हणून आपण अनवाणी हिंडतो का? दुसरं दुकान बघतो." ती तयार होईना. शेवटी तह झाला. आधी मी एकटीनं जाऊन बघून यायचं, मग तिला न्यायचं.

दुसरा क्लास दुसऱ्या भागातला. जागा चकचकीत, थंडगार. तिथले दादा हसतमुख, गोड बोलणारे. मी म्हटलं, "माझी भाची आहे चौदा वर्षांची." ते म्हणाले, "वजन किती?" मी म्हटलं, "ते कशाला?" तर म्हणाले, "तीन महिन्यांत दहा किलो उतरवून देतो. तिला घेऊन या, इथे काट्यावर उभं करू, भिंतीवरच्या तक्त्यावर दर आठवड्याला आकडा लिहितो, म्हणजे जिद्द येते." भिंतीवर खरोखरच तक्ता होता. नावं आणि आकडे. शिवाय भात बंद, पोळी अर्धी, आणि एका पावडरीचा डबा त्यांच्याकडूनच घ्यायचा.

पालकहो, तुमच्याशी दोन शब्द. वाढत्या वयात मुलांचं वजन वाढणारच. उंची वाढते, हाडं वाढतात, ते काय हवेतून वाढतात? मुलाच्या वजनाची काळजी वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवा, सायकल शिकवणाऱ्याला नव्हे. जिथे पहिल्या पाच मिनिटांत 'वजन' हा शब्द निघतो आणि सहाव्या मिनिटाला डबा निघतो, तिथून मी निघते. त्या दिवशी निघालेच. गोड बोलण्याला मी आधी भुलले होते, हेही कबूल करते. पहिल्या सरांचा राग सहज येतो. अशा दादांचा यायला वेळ लागतो.

तिसरा क्लास मला आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी सांगितला. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. निळे दिवे नाहीत. सायकली अकराच, त्यातली एक 'बंद आहे' अशी चिठ्ठी लावलेली. पंख्याचा कुरकुर आवाज. पण खिडक्या उघड्या होत्या, हवा खेळती होती. (बंद खोलीत वीस माणसं घाम गाळतात तेव्हा काय होतं, ते ज्याचं त्यानं हुंगून ठरवावं.) शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या. क्लास सहाचा, त्या पावणेसहालाच हजर. मी मागे उभी राहून तास बघितला. त्यांनी खुशाल बघू दिला. दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन गेले.

बाई माझ्याशी बोलल्याच नाहीत! भाचीशी बोलल्या. "पहिल्यांदाच का गं? गुडघा, पाठ, दमा, चक्कर, असलं काही आहे? काल जेवलीस ना नीट? आज दुपारी काय खाल्लंस?" भाचीनं हळूच सांगितलं, थंडीत कधी कधी दमा होतो. "मग पंप जवळ ठेवायचा. दप्तरात नाही, हँडलजवळ. आणि डॉक्टरांना विचारून आलीस तर फारच छान." मग त्यांनी तिला सायकलशेजारी उभं केलं आणि सीट तिच्या कमरेच्या हाडाच्या उंचीला आणली. वर बसवलं. "टाच पायडलवर ठेव. पाय सगळ्यात खाली गेला की सरळ व्हायला हवा. हं. आता पंजा ठेव. आता गुडघा किंचित वाकलेला राहील. तेवढाच वाकायला हवा." मग दोन्ही पायडल समांतर धरायला सांगितली आणि पुढचा गुडघा पायडलच्या दांड्याच्या बरोबर वर येतो का ते वाकून बघितलं. सीट बोटभर मागे सरकवली. हँडल मात्र उंच ठेवलं, नव्या माणसाची पाठ दुखू नये म्हणून. बुटांची नाडी आत खोचायला लावली. ओढणी, सैल पायजमा नको, शाळेची ट्रॅक पँट चालेल, कडक तळव्याचे साधे बूट चालतील, महागडे काही आणू नकोस, असंही सांगितलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. पहिल्या क्लासमध्ये ही चार मिनिटं मिळाली असती, तर नडगी वाचली असती.

आणि मग त्या म्हणाल्या, "आता आधी थांबायला शिक." तिला दोन-चार वेळा चाक फिरवून नॉब दाबायला लावला. थांबता येतंय म्हटल्यावर भाचीचे खांदे खाली आले. मी बघत होते ना, कानाला चिकटलेले खांदे खाली आले.

"आणि पहिल्या दिवशी वीस मिनिटं. गाणं कितीही आवडलं तरी उतरायचं," बाई म्हणाल्या.

हे मला जरा विचित्र वाटलं. पैसे घेऊन उतरा म्हणतात? पण त्याला कारण आहे, आणि ते मोठ्यांनीही वाचावं असं आहे. मांड्यांचे स्नायू शरीरातल्या मोठ्या स्नायूंपैकी. सवय नसताना पहिल्याच दिवशी ते तासभर जोरानं राबवले, तर क्वचित स्नायूंचे तंतू इतके मोडतात की त्यांच्यातले पदार्थ रक्तात उतरतात आणि त्यांचा भार मूत्रपिंडांवर पडतो. या दुखण्याला रॅबडोमायोलिसिस म्हणतात. नाव अवघड आहे, पाठ करू नका. पण खूण पाठ करा. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत मांड्या फार दुखणं, सुजणं, आणि लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी होणं. असं झालं तर घरगुती उपाय नकोत, थेट दवाखाना. पहिल्याच सायकल क्लासनंतर असं झालेल्या रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांच्या नियतकालिकांत आलेल्या आहेत, आणि त्यात तरुण, धडधाकट माणसंही आहेत. फार घाबरायचं कारण नाही. पण नवीन माणसाला 'अजून, अजून, सोडू नका' म्हणून ओरडणाऱ्या शिक्षकापेक्षा 'आज पुरे' म्हणणारा शिक्षक मला का आवडला, ते कळलं ना?

तास सुरू झाला. बाईंनी माईक घेतला नाही. त्यांचा आवाज तसाच पोचत होता, कारण गाणी कानठळ्या बसवणारी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये करमणुकीच्या जागांसाठी सांगितलंय की आवाज सरासरी १०० डेसिबलच्या वर नको. तो मोजायला यंत्र जवळ नसतं. साधी युक्ती अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडल्याशिवाय बोलता येत नसेल, तर आवाज जास्त आहे.

"चला, आपण निघालो त्र्यंबकच्या रस्त्यानं," बाई म्हणाल्या. "आत्ता सपाट आहे. मोजा उजवा गुडघा!" हे मोजणं तुम्हांलाही आवडेल. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजायचं आणि चारनं गुणायचं. वीस वेळा आला तर मिनिटाला किती फेरे? बरोबर, ८०. सपाट रस्त्याला ८० ते ११० फेरे आणि चढाला ६० ते ८०, असा साधारण नियम आहे. नॉब अगदी सैल सोडून पाय गरागरा फिरवले तर अंग सीटवर उड्या मारतं आणि गुडघे बोंबलतात. फार आवळला तरी गुडघेच बोंबलतात.

"आता चढ आला. नॉब अर्धा फेरा. कुणाला पाव फेरा पुरे झाला तर पाव. ज्याचा चढ त्यानं ठरवायचा. शेजारणीशी एक वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर चढ कमी करा."

भाचीच्या शेजारी साठीच्या एक आजी होत्या, पलीकडे एक कॉलेजची मुलगी, ती म्हणे डोंगरातल्या शर्यतींना जाते. तिघी एकाच गाण्यावर, एकाच वेळी चढ चढत होत्या, आणि कुणाचा नॉब किती आवळलाय ते तिसऱ्याला दिसत नव्हतं. वीस मिनिटांनी बाईंनी नुसती मान हलवली. भाची उतरली. कुणी बघितलं नाही, टाळ्या नाहीत.

जिना उतरताना ती म्हणाली, "मावशी, यात शेवटचा नंबर कसा काढतात?"

मी म्हटलं, "काढता येणार नाही. सगळे जागच्या जागीच आहेत."

ती इतकी हसली की जिन्यात बसली.

आम्ही वर्षाची फी भरली नाही, दहा तासांची भरली. सगळं गोडगोड झालं असं समजू नका. पहिला आठवडा सीटनं तिला रडवलं. ते सगळ्यांना होतं, आठवड्या-दोन आठवड्यांत जातं. एकदा ट्यूशनच्या परीक्षेमुळे दोन तास बुडाले. ताई अजूनही म्हणते, जागच्या जागी पैसे फिरतात. आणि तुमच्यापैकी जे लहान आहेत, त्यांनी लगेच आईच्या मागे लागू नका हं. या सायकली मोठ्यांच्या मापाच्या असतात. उंची साधारण पाच फुटांच्या आसपास नसेल तर सीट कितीही खाली आणली तरी पाय पुरत नाहीत. तुम्ही आपले अंगणात, मैदानात हुंदडा. घरी कुणी अशी सायकल आणली असेल, तर ती फिरत असताना चाकाजवळ, चेनजवळ बोटं न्यायची नाहीत, आणि धाकट्या भावंडाला तर त्या खोलीत एकटं सोडायचंच नाही. ते जड चाक बोट मध्ये आलं म्हणून थांबत नाही.

माझ्या वर्गातलं सांगायचं राहिलं. 'सहलीला आलात का' हे वाक्य मी सोडायचं ठरवलं. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी तोंडातून निघालंच. मग तिथेच थांबले, शिलाई मशीनवाल्याच्या बाकाशी गेले आणि विचारलं, "काय रे, कुठे अडलंय?" तो म्हणाला, "बाई, हातचा कुठून आला तेच कळलं नाही." हातचा मी मंगळवारी शिकवला होता. तो दिवस शुक्रवार होता.

परवाच्या रविवारी पाऊस उघडला होता. सकाळी सकाळी दार वाजलं, बघते तर भाची. बरोबर जिन्याखालची सायकल! कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी दोन्ही ट्यूब बदलल्या होत्या, चेनला तेल दिलं होतं. "सोमेश्वरपर्यंत येतेस?" मी स्कूटरवर, ती सायकलवर, अशी आमची वरात निघाली. गंगापूर रोडला तिचा वेग बेताचाच होता. दोन शाळकरी मुलं तिला मागे टाकून गेली. मी तिच्याकडे बघितलं. तिचं लक्षच नव्हतं, ती आपला उजवा गुडघा मोजत होती. मग एक छोटा उतार लागला. क्लासच्या सवयीनं ती पाय फिरवतच राहिली, आणि मग एकदम थांबली. पाय थांबले, सायकल चालूच. किर्र किर्र किर्र.

"मावशी!" ती ओरडली. "अगं, ही आपोआप जाते!"